आईच्या गुडघ्याची ग्रेड नेमकी कोणती?

डिचोली तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं:

"माझी आई ६१ वर्षांची. बावीस वर्षं काजूच्या कारखान्यात काजूगर निवडायला जायची, दोन वर्षांपूर्वी काम सोडलं. आठ महिने उजवा गुडघा दुखतोय. जमिनीवरून उठताना आणि बसची पायरी चढताना जास्त. पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून 'ग्रेड २ आहे, घाबरू नका' म्हटलं. दुखणं थांबेना म्हणून एमआरआय केला, त्याच्या रिपोर्टात ग्रेड ३ लिहून आली. म्हापशाला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी तीच फिल्म उजेडावर धरून 'मला ही ४ वाटते, दुर्बीण घालून बघून घेऊ' असं सांगितलं. यात खरं कोण बोलतंय आणि खोटं कोण? पुन्हा एमआरआय काढावा का? दुर्बीण घातली की एकदाचं कळेल का? आणि आई विचारते, चवथीला फुगडी घालता येईल की नाही?"

ताई,

तुमच्या आईंच्या रिपोर्टावर आहेत तसले आकडे लिहिणाऱ्यांतलीच मी एक आहे. दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसून लोकांचे गुडघे, खांदे, मणके बघायचे आणि खाली चार ओळी लिहायच्या, हाच माझा धंदा. तेव्हा हे उत्तर डॉक्टर म्हणून देतेय आणि थोडं आरोपी म्हणूनही. आईंचा गुडघा मी पाहिलेला नाही, म्हणून उपचार लिहून देणार नाही. पण 'खोटं कोण बोलतंय' हे न पाहताही सांगता येतं. बहुधा कोणीच नाही.

आधी पहिली गाठ सोडवू. एक्स-रेवाले २ आणि एमआरआयवाले ३ हे एका पट्टीवरचे आकडेच नव्हेत. हाडाच्या टोकावर जो गुळगुळीत पांढरा थर असतो त्याला कूर्चा म्हणतात. ती एक्स-रेवर दिसत नाही. दिसतात ती दोन हाडं, त्यांच्यामधली फट आणि कडेला हाडाला फुटलेले कोंब. एवढ्यावरून अंदाज करायची पट्टी केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ साली मांडली, ० ते ४ अशी. तिच्यातला २ म्हणजे कोंब नक्की दिसतायत, फट कमी झाली असावी. एमआरआयवर मात्र कूर्चा स्वतः दिसते आणि तिथला ३ हा तिच्या खोल गेलेल्या झिजेबद्दल असतो. एकाने घराच्या भिंती सरळ आहेत का ते बघितलं, दुसऱ्याने भिंतीतली ओल. दोघांनीही ० ते ४ मध्येच गुण दिले, म्हणून भांडण असल्यासारखं वाटलं, एवढंच.

त्यात एक्स-रे झोपवून काढलाय की उभं करून, हेही बघा. पाकिटावर किंवा फिल्मच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं. आडवं झोपवलं की गुडघ्यावर भार नसतो आणि फट ऐसपैस दिसते. उभं राहिल्यावर ती किती मिटते, ते खरं. झोपवून काढलेल्या एक्स-रेवरून आलेला २ मी तरी फारसा मनावर घेणार नाही.

आता ३ की ४. इथे फिल्म एकच, मशीन एकच, तरी डोळे दोन. ही गोष्ट जास्त मजेची आहे आणि आमच्या दृष्टीने थोडी लाजेचीही.

एमआरआयवर आणि दुर्बिणीतून आम्ही वापरतो ती पट्टी मुळात आउटरब्रिज नावाच्या सर्जनची. १९६१ साली त्यांनी गुडघ्याच्या वाटीच्या कूर्चेबद्दल लिहिलं. त्यांच्या हिशेबात १ म्हणजे कूर्चा मऊ पडून फुगलेली, २ म्हणजे अर्धा इंच किंवा त्याहून लहान जागेत चिरा आणि तुकडे, ३ म्हणजे तेच पण अर्ध्या इंचाहून मोठ्या जागेत, आणि ४ म्हणजे खालचं हाड उघडं. यातलं २ आणि ३ मधलं अंतर नीट बघा. ते रुंदीचं आहे, खोलीचं नाही. पुढच्या लोकांना ते पटलं नाही. त्यांनी खोली धरली: अर्ध्या जाडीपेक्षा कमी गेलं तर २, जास्त गेलं तर ३. कूर्चेवर काम करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची पट्टीही खोलीवरच आहे. पण नाव पुष्कळदा 'आउटरब्रिज'च राहिलं. त्यामुळे उथळ पण रुपयाएवढी पसरलेली झीज जुन्या हिशेबाने ३ आणि नव्याने २. दोन डॉक्टर एकच शब्द वापरतात आणि मनात वेगळ्या पट्ट्या असतात. रिपोर्टात कुठली पट्टी वापरली ते लिहायची पद्धत आहे. ती किती जण पाळतात ते विचारू नका. मीही घाईच्या दिवशी पाळत नाही.

बरं, पट्टी एक धरली तरी काय होतं ते जवळून सांगते. मांडीच्या हाडाचं आतल्या बाजूचं गोल टोक, जिथे शरीराचा भार सगळ्यात जास्त पडतो, तिथली कूर्चा साधारण अडीच मिलिमीटर जाड धरा. पडद्यावर ती एक करडी पट्टी दिसते, वर सांध्यातल्या पाण्याची पांढरी रेघ, खाली हाडाची काळी कड. त्या करड्या पट्टीत पांढरी रेघ कुठेतरी आत घुसते. ती अर्ध्यापर्यंत गेली की अर्ध्याच्या पलीकडे, एवढाच प्रश्न. अर्धं म्हणजे सव्वा मिलिमीटर. चित्राचा एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो. म्हणजे २ आणि ३ मधला निर्णय अडीच ठिपक्यांवर. शिवाय आमच्या चित्राची एकेक चकती तीनेक मिलिमीटर जाड असते आणि हाड असतं गोल. चकती तिरकी कापली गेली की कड धूसर होते. आणि त्यात पेशंट वीस मिनिटं त्या खडखडाटात पाय अजिबात न हलवता पडून राहिलेला असतो. निदान आम्ही तसं धरून चालतो.

काही वर्षांपूर्वी मी काम करत होते तिथे आम्ही एक खेळ केला. जुने एमआरआय नावं झाकून, क्रम बदलून पुन्हा वाचायचे. माझ्या शेजारच्या सहकाऱ्याशी माझं जमणार नाही, हे मला ठाऊकच होतं. खजील झाले ते दुसऱ्याच गोष्टीने. काही गुडघ्यांना मी माझाच तीन महिन्यांपूर्वीचा आकडा बदलला होता. त्यातल्या एकावर तर मी स्वतःशीच वाद घालत बसले. पहिल्यांदा ३ लिहिणारी बाई मला मूर्ख वाटत होती.

तुमच्या आईंना हे माझ्यापेक्षा चटकन कळेल, म्हणून पत्रातल्या त्या बावीस वर्षांवर मी थांबले. काजूगराचा आकार वाद घालायचा विषय नसतो. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पाउंडात ३०० ते ३२० गर. काट्यावर ठेवा, मोजा, विषय संपला. पण रंग? हा गर पांढरा की जरा करपलेला? अगदी पांढरा आणि अगदी काळपट यांवर कोणाचंही एकमत होतं. भांडण लागतं ते मधल्या पिवळट गरांवर. सकाळच्या उजेडात पांढऱ्या टोपलीत पडलेला गर संध्याकाळी ट्यूबलाइटखाली दुसऱ्या टोपलीत जातो. आईंना विचारा, शेजारी बसणाऱ्या बाईशी किती वेळा 'अगो, हो धवो न्हय' (अगं, हा पांढरा नाही) झालं असेल. आमचंही तसंच आहे. ० आणि ४ वर फारसं भांडण नाही. सगळा गोंधळ १, २, ३ मध्ये, आणि ३ च्या ४ला लागून असलेल्या कडेवर.

हे एकमत मोजायचीही एक रीत आहे, आणि ती सांगायचा मोह मला आवरत नाही. समजा दोन बायकांनी तेच शंभर गर वेगवेगळे निवडले आणि ८४ गर दोघींनी एकाच टोपलीत टाकले. ८४ टक्के! मुकादम खूश होईल. पण दोघीही शंभरातले ऐंशी पांढऱ्यात टाकतात, असं असेल तर? मग डोळे मिटून टाकले तरी ६४ गर दोघींच्याही पांढऱ्या टोपलीत पडतील आणि ४ दोघींच्याही करपलेल्या टोपलीत, एकूण ६८. म्हणजे नशिबाने मिळणारे ६८ वजा केले, तर कमावण्यासारखे उरले ३२ आणि त्यातले कमावले १६. निम्मे. या निम्म्याला, ०.५ ला, कप्पा म्हणतात. कोहेन यांनी १९६० साली ही रीत दिली. पुढे १९७७ मध्ये लँडिस आणि कोख या दोघांनी तिला बिरुदं लावली. ०.४१ ते ०.६० म्हणजे मध्यम, ०.६१ ते ०.८० म्हणजे भक्कम, त्याच्या वर जवळजवळ पूर्ण एकमत. त्या ओळी कुठे ओढायच्या हेही त्यांनी आपल्याच अंदाजाने ठरवलं होतं, हा आणखी एक विनोद.

'दुर्बीण घातली की एकदाचं कळेल' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. २००३ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मृतदेहांच्या सहा गुडघ्यांत दुर्बीण घालून चित्रण केलं, मग तेच गुडघे उघडून पाहिले. नऊ अस्थिशल्यविशारदांनी ते चित्रण बघून आउटरब्रिजच्या ग्रेड दिल्या. एकमेकांशी त्यांचा कप्पा आला ०.५२. तोच सर्जन तेच चित्रण पुन्हा बघून स्वतःशी किती जुळला, तो ०.८०. म्हणजे प्रत्येकाची नजर बऱ्यापैकी स्थिर, पण प्रत्येकाची वेगळी. पाच वर्षांहून जास्त काम केलेल्यांचं आपसांत जास्त जमत होतं. हे सगळं दुर्बिणीतून, कूर्चा डोळ्यांसमोर ओल्या खोबऱ्यासारखी पांढरीशुभ्र दिसत असताना. आकडीने, म्हणजे टोकाला वाकवलेल्या बारीक सळईने, दाबून बघायची सोय प्रत्यक्ष ऑपरेशनात असते, चित्रण बघणाऱ्यांना ती नव्हती, हे मान्य. आकडी रुतली की कूर्चा मऊ पडल्याचं कळतं, आणि आकडीचं टोक किती मिलिमीटरचं हे माहीत असल्याने झीज मोजताही येते. दुर्बीण एमआरआयपेक्षा जवळून बघते यात शंका नाही. पण तीही शेवटी कोणाच्या तरी डोळ्यानेच बघते.

आणि नुसता आकडा पक्का करायला आईंच्या गुडघ्यात भोकं कशाला? २००२ साली ह्यूस्टनमध्ये १८० पेशंटवर एक धाडसी चाचणी झाली. काहींचा गुडघा दुर्बिणीने साफ केला, काहींचा फक्त धुतला, काहींच्या कातडीवर नुसते काप घेऊन टाके घातले. कोणाला काय केलं ते पेशंटना सांगितलं नाही. दोन वर्षांत दुखण्यात फरक निघाला नाही. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या तज्ज्ञ मंडळाने वयाने झिजलेल्या जवळजवळ सगळ्या गुडघ्यांसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया नको, अशी ठाम शिफारस केली. दुसऱ्या डॉक्टरांनी दुर्बीण सुचवली ती वेगळ्या कारणासाठी असेल, उदाहरणार्थ गुडघा मध्येच अडकून बसतो म्हणून, तर ते कारण त्यांच्याकडून ऐकून घ्या. पण '३ की ४ ते बघू' हे कारण पुरेसं नाही.

एमआरआयही पुन्हा नको. नवी फिल्म म्हणजे नवा वाचणारा आणि कदाचित नवा आकडा. पुढे गुडघ्यात काही बदललं तर गोष्ट वेगळी.

आता आकड्याचं आणि दुखण्याचं नातं. कूर्चेत मज्जातंतू नसतात आणि रक्तवाहिन्याही नसतात. ती स्वतः दुखू शकत नाही. दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं सुजलेलं अस्तर, आजूबाजूचे स्नायू. (आणि हो, 'वंगण संपलंय' असं कोणी म्हटलं तर हसून सोडून द्या. दुखऱ्या गुडघ्यात बहुधा पाणी जास्त असतं, कमी नाही.) २०१२ साली पन्नाशीपुढच्या ७१० लोकांचे गुडघे एमआरआयने बघितले, ज्यांचे एक्स-रे स्वच्छ होते असे. ८९ टक्क्यांच्या गुडघ्यात काही ना काही बिघाड सापडला. ज्यांना दुखत नव्हतं त्यांच्यातही प्रमाण जवळपास तेवढंच. हे वाचून मी माझ्या रिपोर्टांकडे जरा नम्रपणे बघू लागले. आईंचा डावा गुडघा, जो दुखत नाही, त्याचा एमआरआय काढला तर तिथेही मी काहीतरी लिहीनच.

म्हणून डॉक्टरांना 'ग्रेड कितवी' हे विचारणं सोडा. पुढच्या वेळी जाल तेव्हा नुसता रिपोर्ट नको, सीडी आणि सगळ्या फिल्म एकाच पिशवीतून न्या आणि हे विचारा: झीज नेमकी कुठे आहे, वाटीमागे की आतल्या बाजूला? किती मिलिमीटर लांब-रुंद? हाड उघडं पडलंय का, हो की नाही? हाडाच्या आत सूज आहे का? पाय धनुकलीसारखा बाहेर वाकलाय का? ३ आणि ४ वर भांडणारे दोन डॉक्टर या प्रश्नांवर बऱ्याचदा एकमताने बोलतात, कारण इथे अंदाज कमी आणि बघणं जास्त आहे. दोन्ही पायांवर उभं राहून, दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे झाला नसेल तर तो करून घ्या. तो एमआरआयपेक्षा पुष्कळ स्वस्त, आणि आईंच्या वयात बऱ्याचदा तेवढा पुरतो.

गुडघा एकदम गरम होऊन सुजला आणि ताप आला, पाय अडकून सरळच होईना, त्यावर उभंच राहता येईना किंवा दुखण्याने रात्रीची झोप उडाली, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका.

बाकी उपाय कंटाळवाणे आहेत आणि ग्रेड २ असो वा ४, सुरुवातीला तेच. मांडीचे स्नायू. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, मनात दहा मोजायचं, सोडायचा, आणि हे रोज. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या आणि किमान तीन महिने चालू ठेवा. दहा दिवसांनी 'काही फरक नाही' म्हणून सोडणारेच जास्त. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चारेक किलो भार उतरतो, असं मोजलेलं आहे. गोळीआधी डायक्लोफिनॅकचं मलम लावून बघा. गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. आईंना रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर त्या स्वतःच्या मनाने अजिबात नकोत.

आणि घरातली ती आदोळी, म्हणजे विळी. बावीस वर्षं जमिनीवर मांडी घालून गर निवडले, आता घरी आदोळीवर बसून नारळ खवतायत, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण मी पैज लावते. टेबलाला अडकवायची फिरकीची खवणी मिळते. आई म्हणतील त्याने सोय, म्हणजे खवलेलं खोबरं, नीट येत नाही, आणि त्यांचं खरंही असेल. मग खवायचं काम तुम्ही घ्या. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर वर ठेवायची खुर्ची आणा.

सांधेबदलाची वेळ कधी आली तर ती एमआरआयच्या आकड्याने ठरत नाही. उभ्याने काढलेल्या एक्स-रेवर फट मिटली आहे का, हे बघतात. मग विचारतात, सगळे उपाय मनापासून करूनही देवळापर्यंत चालवत नाही का, रात्री झोप लागत नाही का. पत्रावरून तुमच्या आई त्या टप्प्याच्या पुष्कळ अलीकडे वाटतात.

राहिली फुगडी. बसफुगडी यंदा नको, उकिडवं बसून उड्या मारणं या गुडघ्याला झेपायचं नाही. उभी फुगडी, सावकाश चालीची, त्या आठवड्यात गुडघ्याला सूज नसेल तर दोन-चार फेर घालायला माझी हरकत नाही. जोडीला एकदम झटका देणारी पोरगी नको, समवयस्क बाई घ्या. बाकीचा वेळ खुर्चीत बसून गाणी म्हणायची. ती पुढे म्हणणारी कोणीतरी लागतेच.